चाकोरीबाहेरच्या नायिकेला तिच्या काळाचा कायदाही लागू करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांविषयी आपल्या साहित्य पुरवणीत आलेला लेख वाचला. बंदूक चालवणारी, घोड्यावर पुरुषांसारखी मांड टाकणारी आणि लग्नाच्या नावाने नाक मुरडणारी नायिका ही आजच्या लेखकांनी एकोणिसाव्या शतकाच्या माथी मारलेली कल्पना आहे, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. ही तक्रार अर्धीच खरी आहे, असे या प्रकारात लेखन करणारी एक व्यक्ती म्हणून मला वाटते. अशा बायका त्या काळात होत्या आणि त्यांची नोंद सरकारी दप्तरांत, टपाल खात्याच्या कंत्राटांत आणि न्यायालयांच्या कागदांत सापडते. कादंबऱ्यांत जे खोटे वाटते ते त्यांचे असणे नाही. त्या वेगळेपणाची किंमत त्यांना कुठेच मोजावी लागत नाही, हे खोटे वाटते. नायिका गावात पँट घालून फिरते आणि कोणी वळून पाहत नाही. ती एकटी जमीन कसते आणि तिला एक कागदही भरावा लागत नाही. मग तिसऱ्या प्रकरणात देखणा शेरीफ येतो आणि उरलेले सगळे प्रश्न सुटतात.

जमिनीपासूनच सुरुवात करते, कारण पश्चिमेकडची बहुतेक कथानके शेवटी जमिनीपाशीच येतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमिनीवर दावा लावण्याचा हक्क दिला, तो एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला. त्यात स्त्री-पुरुष भेद नव्हता. त्यामुळे अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेली स्त्री दावा लावू शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी पत्नी मात्र सहसा लावू शकत नव्हती, कारण कुटुंबप्रमुख तो होता. शुल्क सगळे मिळून साधारण १८ डॉलर. पाच वर्षे त्या जमिनीवर राहायचे, घर बांधायचे, जमीन नांगराखाली आणायची आणि मग मालकीचा कागद मिळवायचा. एवढा धीर नसेल आणि हाती रोकड असेल तर सुरुवातीच्या नियमांप्रमाणे सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरायचा, म्हणजे पूर्ण दाव्याचे २०० डॉलर.

प्रणयकथा लिहिणाऱ्याने या तरतुदीकडे नीट पाहावे. इथे अविवाहित असणे हीच स्त्रीची कायदेशीर पात्रता आहे. तिने आधी दावा लावला आणि मग लग्न केले तर तो आपोआप बुडत नसे, पण त्या जमिनीवरचा तिचा मुक्काम चालू राहायला हवा असे. शेजारच्या १६० एकरांवर नायकाचाही दावा असेल तर पेच पडतो, कारण नवरा-बायकोने दोन वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा मुक्काम दाखवणे कायद्याला मान्य नव्हते. कोणीतरी एकाने पाणी सोडायचे. आता या दोघांना प्रेमात पाडून पाहा. खलनायक लागत नाही, गैरसमजाची चिठ्ठी लागत नाही, गोळीबारही लागत नाही. ‘माझ्याशी लग्न कर’ या वाक्याचा अर्थच ‘तुझी किंवा माझी चार वर्षांची मेहनत सोडून देऊ’ असा होतो, आणि नायिकेच्या नकाराला स्वभावाचा हट्ट सोडून दुसरे, फार भक्कम कारण मिळते.

हे कारण कागदावर कसे दिसते, तेही सांगते. मुदत पूर्ण झाली की दावेदाराला आपला पुरावा सादर करण्याचा इरादा स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करावा लागे. त्यात साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची नावे छापली जात आणि ठरलेल्या दिवशी त्यांपैकी दोघे येऊन शपथेवर जबाब देत. घर केवढे आहे, किती एकर नांगरले, कोणते पीक घेतले, दावेदार किती काळ गैरहजर होता, असे प्रश्न असत. म्हणजे गावातल्या दोन माणसांचे मत चांगले असल्याशिवाय एकट्या बाईची जमीन तिच्या नावावर होत नाही. जी नायिका पहिल्या प्रकरणापासून अख्ख्या गावाला शिंगावर घेते, तिने पाचव्या वर्षी साक्षीदार कुठून आणायचे, याचे उत्तर लेखकाने आधीच शोधून ठेवावे. माझ्या मते हे उत्तर शोधताना अर्धी कादंबरी लिहून होते. हिवाळ्यात शेजाऱ्याच्या गारठलेल्या गुरांना तिने चारा दिला असेल, कोणाचे तरी बाळंतपण केले असेल, कोणाच्या तरी दारूचे गुपित पोटात ठेवले असेल.

मताधिकाराचेही तसेच. वायोमिंग प्रदेशाने १० डिसेंबर १८६९ रोजी स्त्रियांना मताचा अधिकार दिला, हे वाक्य आपल्याकडे अनेकांना माहीत असते. त्याच अधिवेशनाने विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर ताबा दिला, हे कमी लोकांना माहीत असते. पुढच्या वर्षी साउथ पास सिटी या सोन्याच्या खाणींच्या गावात एस्थर हॉबर्ट मॉरिस यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पंचावन्नच्या घरातल्या या बाईंनी आठ महिन्यांहून अधिक काळ ते पद सांभाळले, आणि ते रिकामे झाले होते ते आधीच्या न्यायाधीशाने स्त्रियांना मताधिकार दिल्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला म्हणून. वायोमिंगमधल्याच लॅरामी गावात स्त्रिया ज्युरीतही बसल्या, पण ती सोय १८७१ मध्येच संपली. त्याच वर्षी विधिमंडळाने मताधिकार रद्द करण्याचा ठराव केला आणि तो टिकला तो गव्हर्नर जॉन कॅम्पबेल यांनी नकाराधिकार वापरला म्हणून. शेजारच्या युटाने १८७० मध्ये दिलेला मताधिकार १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने काढूनच घेतला. या हक्कांचा आलेख सरळ वर जाणारा नव्हता. १८७१ च्या वायोमिंगमधली नायिका आज ज्युरीत बसलेली आणि उद्या घरी पाठवलेली असू शकते, आणि मला तरी अशी नायिका जन्मजात बंडखोर नायिकेपेक्षा कितीतरी अधिक रंजक वाटते.

मूळ लेखात ‘पुरुषी’ नायिकेची बरीच थट्टा होती. त्यावर मेरी फील्ड्स यांचे उदाहरण पुरेसे आहे. टेनेसीत गुलामीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई पुढे माँटानातल्या एका कॅथलिक मिशनमध्ये कामाला होत्या. तिथल्या भांडणांमुळे बिशपच्या हुकमाने त्यांना काम सोडावे लागले. १८९५ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, त्यांना कॅस्केड गावाहून टपाल नेण्याचे कंत्राट मिळाले आणि १९०३ पर्यंत त्यांनी ते पार पाडले. प्रणयकादंबरीची नायिका वीस-बावीस वर्षांचीच हवी, असा नियम कोणी केला आहे?

आता कपडे आणि हत्यारे, कारण जाणकार वाचक चूक पकडतो ती इथेच. एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसायच्या खोगिरावर स्वार झालेली स्त्री कुशल असली तर कुंपणावरूनही घोडा उडवत असे. त्यासाठी खोगिराला मांडी अडकवायचे जादा शिंग बसवलेले असे. पण उतरल्यावर मदतीशिवाय किंवा एखाद्या ओंडक्याशिवाय पुन्हा चढणे तिला जिकिरीचे होते. पाठलागाच्या प्रसंगात नायिका तीनदा उतरते आणि तीनदा उडी मारून चढते, तेव्हा तिचे खोगीर कोणते हे लेखकाने ठरवलेलेच नसते. दुभागलेला घागरा घालून पुरुषी खोगिरावर बसणे शतकाच्या शेवटी शेवटी रुजू लागले, तेही कुरबुरी ऐकत. तसेच पिस्तुलाचे. १८७३ चे कोल्ट धातूच्या काडतुसांवर चालते, त्याची काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून भरावी लागतात आणि लांब नळीचे असेल तर ते सुमारे किलोभर वजनाचे असते. यादवी युद्ध नुकतेच संपलेल्या १८६५ मधल्या नायिकेच्या हाती बहुधा बंदुकीची दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी धातूची टोपी वेगवेगळी भरायचे पिस्तूल असणार. सहा बार काढल्यावर पुन्हा भरायला लागणाऱ्या त्या चार-पाच मिनिटांत काय घडते, हे लिहिता आले तर तो प्रसंग जिवंत होतो. काटेरी तार १८७४ च्या पेटंटनंतरची, दोन किनारे जोडणारी रेल्वे १० मे १८६९ नंतरची, आणि रेल्वेच्या कडेने हार्वेच्या उपाहारगृहांत करारावर काम करणाऱ्या अविवाहित मुली १८८३ नंतरच्या. यांपैकी प्रत्येक वर्ष नायिकेसाठी एखादी वाट उघडते किंवा बंद करते. याला कोणी तपशिलाचा सोस म्हणेल, तर म्हणो.

मला त्याहून गंभीर वाटणारा दोष निराळा आहे. आजच्या लेखकांची नायिका प्रत्येक प्रश्नावर आजच्या सुजाण वाचकाशी सहमत असते. वंश, धर्म, दारू, गरिबी, कशावरच तिचे मत आपल्याला टोचत नाही. ओरेगनच्या बेथेनिया ओवेन्स-अडेअर यांच्याकडे पाहा. चौदाव्या वर्षी लग्न, १८५९ मध्ये घटस्फोट, पदरी मुलगा. लोकांचे कपडे धुऊन, शिकवून, टोप्यांचे दुकान चालवून त्यांनी संसार उभा केला आणि १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली. एवढ्यावर थांबले तर पुतळा तयार होतो. पण याच बाईंनी पुढे ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याच्या कायद्यासाठी ओरेगनमध्ये हिरिरीने प्रचार केला. एकाच माणसात हे दोन्ही होते. अशी नायिका रंगवणे अवघड आहे हे मान्य. पण चाकोरीबाहेरची म्हणजे सर्व बाबतींत चांगली, हे समीकरण ज्याला सोडून देता येत नाही त्याने ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेला जाऊ नये.

आणि ती १६० एकर जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न उरतोच. दोन प्रेमिकांचे स्वप्न ज्या मोकळ्या कुरणावर उभे राहते, ते मोकळे झाले होते तह मोडून आणि माणसे राखीव प्रदेशांत कोंबून. १८६८ च्या फोर्ट लॅरामीच्या तहाने लकोटा या मूळनिवासी लोकांना दिलेले ब्लॅक हिल्सचे डोंगर १८७७ मध्ये काढून घेण्यात आले, आणि १८८७ च्या डॉज कायद्याने राखीव जमिनींचेही तुकडे पडले. प्रत्येक प्रणयकादंबरीने याचा ताळेबंद मांडावा, असे माझे म्हणणे नाही. मात्र मूळनिवासी स्त्री या कादंबऱ्यांत औषधी मुळी देऊन पडद्याआड जाते, तिला नायिका होताच येत नाही, ही लेखकांच्या वाचनातली उणीव आहे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथेच त्यानंतर तीन वर्षांनी ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश वर्गात पहिली येऊन पदवीधर झाली. तिच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या संस्थेने तिने शिकत असताना आणि नंतरही काही वर्षे लग्न करू नये, अशी अट घातली होती. नेब्रास्कातल्या राखीव प्रदेशात परतून ती बाराशेहून अधिक लोकांची डॉक्टर झाली, १८९४ मध्ये तिने लग्न केले आणि दोन मुलांची आई झाल्यावरही दवाखाना सोडला नाही. होमस्टेडचा दावा लावणाऱ्या बाईसमोर लग्न आणि जमीन होती, हिच्यासमोर लग्न आणि विद्या होती, तीही आपल्या माणसांसाठी मिळवलेली. यात प्रणयकथा नाही, असे कोणी म्हणावे?

लेखाच्या शेवटी विचारलेला प्रश्न असा होता की, प्रणयकादंबरीला सुखान्त अटळ असेल तर स्वतंत्र वृत्तीच्या नायिकेचे स्वातंत्र्य शेवटच्या पानावर कुठे जाते. सुखान्त हा या प्रकाराचा वाचकाशी झालेला करार आहे आणि तो मोडू नये, असे माझे मत आहे. पण सुखान्तासाठी दाव्यावर पाणी कोणी सोडायचे, हे लेखकाच्या हातात असते. मी लिहीत असलेल्या कादंबरीत नायक जमीन कार्यालयात जाऊन आपला दावा सोडल्याच्या कागदावर सही करतो आणि तिच्या उरलेल्या मुदतीचे चौदा महिने तिच्याच घरात, तिच्या जमिनीवर राबतो. पुराव्याच्या दिवशी ‘विवाहित की अविवाहित’ या प्रश्नाला ती ‘विवाहित’ असे उत्तर देते, शेजारी साक्ष देतात की या बाईने एकही हिवाळा मुक्काम मोडला नाही, आणि मालकीचा कागद तिच्या नावाने निघतो. कारकून नवऱ्याचे नाव घालू का, असे विचारतो. ती म्हणते, त्यांची जमीन त्यांनी सोडली, ही माझी आहे.

आपली,
एक वाचक आणि कादंबरीलेखिका