क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : माळ्यावरच्या पेटीतले ड्रॉ

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. शालेय बॅडमिंटनच्या विभागीय स्पर्धेत सत्तावीस वर्षं कधी पंच, कधी संघ व्यवस्थापक आणि बरेचदा नुसता ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, काढणारा आणि चहा सांगणारा माणूस म्हणून उभा राहिलो. हे पत्र अनुदानासाठी नाही. हॉलचं छत गळतं, तेही आज राहू द्या. मला या स्पर्धेच्या कागदांबद्दल बोलायचं आहे.

तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य, ही चढण आपल्याला ठाऊक आहेच. क्रीडा खात्याचे आठ विभाग. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. सहामाही परीक्षेच्या आगेमागे कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावी दोन दिवस धांदल उडते. भिंतीवर चार्ट पेपरचा ड्रॉ लागतो, मुलं त्यावर बोट ठेवून आपलं नाव शोधतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली की हॉलचा वॉचमन तो कागद ओढून काढतो. चारही कोपरे भिंतीलाच चिकटून राहतात. स्पर्धेचा इतिहास म्हणाल तर तेवढाच.

हे मला जास्त लागतं, कारण हा खेळ आपल्याकडे परका नाही. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी तो खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. त्याचे पहिले नियम 1873 मध्ये तिथंच लिहिले गेले आणि इंग्लंडातही 1887 पर्यंत बऱ्याच अंशी त्याच नियमांनी खेळ चालला, असं खेळाचा इतिहास सांगतो. पुढं क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधरांच्या मुलींनी 1940 च्या दशकात देशातलं महिला बॅडमिंटन गाजवलं. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर 1956 साली मलायात सेलांगॉर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनमधला पहिला मानही त्यांचाच. मोठ्यांची नोंद जग ठेवतंच. 2022 मध्ये बँकॉकला भारतानं इंडोनेशियाला 3–0 असं हरवून पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा थॉमस चषक आणला, त्यात आपला चिराग शेट्टी होता; त्या लढतीचा एकेक गुण मोबाईलवर मिनिटभरात सापडतो. आंतरराज्य सांघिक स्पर्धेला रहिमतुल्ला चषक, चढ्ढा चषक अशी नावं तरी आहेत. आमच्या विभागीय स्पर्धेला ना नाव, ना चषक. सांगली आज ज्या कोल्हापूर विभागात येते, तिथं 1990 साली 17 वर्षांखालील मुलींत कोण जिंकलं, हे मला कुणी विचारलं तर मी माळ्यावर चढतो.

माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या हाताला लागले तेवढे ड्रॉ आणि गुणपत्रकं आहेत. हा शहाणपणा नव्हे, टाकवत नाही म्हणून ठेवलेली रद्दी, असं आमच्या घरातलं मत आहे. ते अगदीच चूक आहे असं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात आली. पाच टक्के खेळाडू आरक्षणातून नोकरीसाठी तिनं अर्ज केला होता. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात निघाली आहेतच, तेव्हा पडताळणी कडक असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका कार्यालयात तिला सांगितलं, ‘राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र दिसतंय, विभागातून निवड झाल्याचं काही आहे का? आमच्याकडं त्या वर्षाची फाइल नाही.’ फाइल त्यांची हरवली आणि खरेपणा सिद्ध करायचा हिनं.

दोघांनी मिळून पेटी उपसली. तिसऱ्या तासाला गुणपत्रक सापडलं. निर्णायक एकेरी, 11–7, 8–11, 11–6. तेव्हा मुलींचा गेम अकराचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणारीला मिळे. 21 गुणांची पद्धत 2006 ची. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘फूल 77. पूर्वेकडची खिडकी बंद केली.’ शटलला आमच्या पिढीत फूलच म्हणत; 77 हा त्याच्या वेगाचा क्रमांक. सामन्याआधी ते मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं मारून बघायचं. पलीकडच्या मागच्या रेषेच्या आत 53 ते 99 सेंटिमीटरच्या दरम्यान पडलं तर बरोबर. त्या दिवशी ते वाऱ्यानं रेषेबाहेर जात होतं, म्हणून खिडकी. कागद वाचता वाचता ती म्हणाली, ‘सर, दुसरा गेम मी त्या खिडकीमुळंच हरले, तुम्ही उशिरा बंद केलीत.’ इतक्या वर्षांनी!

तिचं काम झालं. त्यानंतर त्याच कामासाठी एक मुलगा आला. त्याच्या वर्षाचे कागद वाळवीनं खाल्ले होते. तो खेळला होता, मी स्वतः खुर्चीवर बसून त्याचे गुण पुकारले होते. पण माझ्या तोंडच्या शब्दाला कार्यालयात कोण विचारतो?

आता तर कागदही उरला नाही. ड्रॉचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, सगळे अंगठा दाखवतात, आणि संयोजकांचा मोबाईल बदलला की ते वर्ष गेलं. वाळवीला निदान काही वर्षं तरी लागायची.

मागणं साधं आहे. प्रत्येक विभागानं स्पर्धा संपल्यापासून आठ दिवसांत पूर्ण ड्रॉ आणि गुणपत्रकं स्कॅन करून संचालनालयाच्या संकेतस्थळावर वर्षवार लावावीत. फक्त पहिल्या तिघांची यादी नको, पहिल्या फेरीत हरलेल्यांची नावंसुद्धा हवीत. पोरगं तिथवर पोचलं होतं ना! जुन्या वर्षांसाठी निवृत्त क्रीडाशिक्षकांना एक जाहीर हाक द्या. माझ्यासारख्या पेट्या गावोगावी आहेत, आणि आम्ही सगळे सत्तरीकडं झुकलो आहोत. आमच्यामागं या पेट्या थेट रद्दीवाल्याकडं जातील. यासाठी समिती नेमू नका, हात जोडून विनंती. एक स्कॅनर आणि जुनी अक्षरं वाचता येणारा एक माणूस पुरे.

माझ्या पेटीत 1988 ते 2011 चे कागद आहेत, मधली चार वर्षं सोडून. कुलूप गंजलंय, कडीत थोडं तेल सोडावं लागेल. आपल्या खात्याचा माणूस कधीही पाठवा, रविवारीही चालेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक