नुसतं ‘हय’ नको, बाबा

मडगाव,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

घरात कोंकणी बोलायची आणि पत्र मराठीत लिहायचं, ही रीत तुमच्याकडूनच आली. पण आज फोन सोडून पत्र लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. साध्या फोनच्या लाइनवर 3400 हर्ट्झच्या वरचे बारीक सूर पोचतच नाहीत, आणि बाबा, तुमच्या कानांना नेमकी त्याच सुरांची अडचण आहे. मग अर्धं बोलणं वाटेत गळतं आणि उरलेलं आई तुम्हाला सांगते, तिच्या मतासकट. अक्षर मात्र तुम्ही अजून बिनचूक वाचता.

बांबोळीच्या इस्पितळात कानांची तपासणी झाली तेव्हा आलेख बघून तुम्ही नेहमीसारखं ‘हय, हय’ (होय, होय) म्हणालात आणि आई पिशवी घेऊन उठलीसुद्धा. म्हणून आता सावकाश सांगते. आलेखात डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. तुमची रेघ डावीकडे जवळजवळ सरळ आहे आणि उजवीकडे घसरत गेली आहे. वयाने येणारा बहिरेपणा बहुधा असाच येतो. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी. बारीक सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या सुरुवातीलाच असतात, त्या आधी जातात आणि गेल्या की पुन्हा येत नाहीत. अ, आ, ओ हे स्वर जाड सुरांत येतात, तर स, श, फ यांची ओळख बारीक सुरांत असते. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, पण साखर म्हणाला की भाकर ते कळत नाही. ‘ऐकू येतं पण समजत नाही’ असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही हसायचो, ते अक्षरशः खरं होतं. गेल्या पावसाळ्यात ‘रातकिडे कमी झालेत’ म्हणालात, तेही त्यातलंच. रातकिडे भरपूर होते.

आई, आता तुझी जुनी तक्रार: सगळ्या जगाचं ऐकतात, माझंच तेवढं ऐकत नाहीत. बायकांचा आणि मुलांचा आवाज वरच्या पट्टीतला. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू त्यांना खोलीतून ऐकू येतो आणि तुझी हाक येत नाही, यात मुद्दामपणा नाही. (थोडाफार असेलही, पण तो आलेखात दिसत नाही.) आणि कृपा करून ओरडू नकोस. ओरडल्याने स्वरच तेवढे मोठे होतात, शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. समोर ये, तोंडावर उजेड पडू दे, टीव्ही बंद कर. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नकोस, शब्द बदलून सांग.

तू मला हळूच विचारलंस, ‘हे विसरायला लागलेत का गं?’ मला वाटतं, विसरले म्हणतेस त्यातलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी टाळता येण्याजोगी 12 कारणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2020 मध्ये मांडली, त्यांत ऐकू कमी येणं हे एक आहे. म्हणून मी कानाच्या यंत्राचा धोशा लावलाय. पहिले काही आठवडे ताटवाट्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची कुरकुर नको होईल, मेंदूला सवय लागेपर्यंत. तेव्हा आधी घरात घाला, देवळात आणि लग्नात नंतर. आपल्याकडच्या दमटपणात यंत्र लवकर खराब होतं. आंघोळीला जाताना काढा आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

पण यंत्राने ‘हय’ सुटणार नाही, त्याचंच मला जास्त वाटतं. जत्रेच्या नाटकात लोक हसले की क्षणभराने तुम्ही हसता, शेजाऱ्याकडे बघून. पाहुण्यांनी विचारलेलं आई पुन्हा सांगते, पडद्याआडच्या प्रॉम्प्टरसारखी, आणि आता तर तुमचं उत्तरही तीच देते. लोकांनी तुम्हाला विचारणंच सोडलंय. बाबा, मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत तुम्ही जन्मभर शिकवलंत. शेवटच्या बाकावरचा मुलगा मान डोलवत ‘होय गुरुजी’ म्हणाला की तुम्ही त्याला फळ्याशी बोलवायचात. तुमचा त्या मानेवर कधीच विश्वास बसला नाही. मग आम्ही तुमच्या मानेवर का ठेवावा?

‘आमच्या घरात बोलावं लागत नाही, न सांगता कळतं’ याचं आई कौतुक करते. मला त्या कौतुकाची धास्ती वाटते. न सांगता कळलेलं खरं की आपल्या मनाचं, हे पडताळायची सोयच नसते. त्यापेक्षा तुम्ही आणि काका बरे. 1987 च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याच्या वेळी तुम्ही मराठीचे, काका कोंकणीचे. सोप्यावर बसून रात्र रात्र भांडलात, तेही दोघे कोंकणीतच! एकमत शेवटपर्यंत झालं नाही, पण काका काय म्हणतात हे तुम्ही त्यांच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचात आणि मग खोडायचात. मी तेव्हा लहान होते, पण ‘आधी तुझं म्हणणं मी सांगतो, चुकलं तर थांबव’ हे तुमचं वाक्य पाठ आहे. आपलं म्हणणं विरोधकाच्या तोंडून बरोबर ऐकल्यावर काकांचा आवाज खाली यायचा. मला तसं कोणी समजून घ्यावं असं फार वाटतं, पटलं नाही तरी चालेल.

म्हणून एक विचारते. मी बँकेची नोकरी सोडून इथे शिकवण्या सुरू करायचं ठरवलं, तेव्हा जेवताना तुम्हाला सगळं सांगितलं होतं. पंखा चालू होता, आई मध्ये मध्ये बोलत होती. तुम्ही ‘हय’ म्हणालात आणि भात वाढून घेतलात. तो होकार होता, नाराजी होती की नुसतं ऐकू न येणं, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा काय ऐकलंत ते आधी लिहा, आणि मग काय वाटलं ते. नाराजी असेल तर तीही लिहा, मी भांडायला तयार आहे.

शनिवारी यंत्राचं माप द्यायला जायचं आहे, सकाळच्या बसने येते. पत्र त्याच्या आत पोस्टात टाका. आणि आई, हे उत्तर त्यांना एकट्याला लिहू दे.

तुमची,
बाय