तपासू देणाऱ्या अनोळखी रुग्णांचे आभार

नाशिकच्या वॉर्डांत एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ज्यांनी विश्वासानं आपलं पोट तपासू दिलं, त्या पेठ, सुरगाणा, इगतपुरी, निफाडहून आलेल्या सगळ्या रुग्णांचे आम्हा शिक्षकांकडून मनापासून आभार.

तुम्ही लघवी करून येता, उताणे झोपता, गुडघे दुमडता, हात बाजूला ठेवता. हात डोक्याखाली घेतले की पोटाचे स्नायू ताणले जातात. मग क्रम: बघणं, स्टेथोस्कोपनं ऐकणं, बोटांनी ठोकून पाहणं, शेवटी दाबणं. छातीत ऐकणं शेवटी येतं. पोटात मात्र आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात. आवाज नाहीतच असं लिहिण्याआधी 5 मिनिटं ऐकावं लागतं, आणि तेवढा वेळ तुम्ही शांत पडून राहता. दुखरी जागा सगळ्यांत शेवटी, तेव्हा नजर तुमच्या चेहऱ्यावर.

यकृतासाठी हात उजव्या ओटीपोटापासून वर न्यायचा. बरगडीपाशीच सुरुवात केली तर खूप वाढलेल्या यकृताची कड निसटते. साध्या पुतळ्यावर हे शिकता येत नाही. तुम्ही खोल श्वास घेता तेव्हाच यकृत खाली सरकून बोटांना लागतं.

‘पोरी, हात गार आहेत गं’ असं स्पष्ट सांगणाऱ्या आजींचे विशेष आभार. गार हातानं पोट आखडतं आणि ते आजारानं की थंडीनं, हे कळेनासं होतं. न सांगता पडदा ओढून देणाऱ्या मावशींचेही आभार.