प्रा. मिशेल ऐसागेर, बोर्दो यांना ईपी लॅबमधून (हृदयातल्या विद्युत संकेतांची तपासणी होते तिथून) आभारपत्र

आदरणीय प्राध्यापक,
सप्रेम नमस्कार.

एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची, ईसीजी पट्टी हातात आली की नजर आधी गोंधळावरच जाते: पी लाटा (वरचे कप्पे चेतल्याची खूण) गायब, ठोक्यांचं अंतर कसंही. तुम्ही त्याआधीचा ठोका पाहायला शिकवलंत, ज्याच्यापासून हे सगळं सुरू होतं तो. १९९८ साली तुमच्या गटाला ४५ रुग्णांत अशी ६९ उगमस्थानं सापडली आणि त्यांतली ६५ फुप्फुस शिरांत (फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या) निघाली, तीही २ ते ४ सेंमी आत. तोवर अलिंदात (वरच्या कप्प्यात) लांबलचक रेषा डागण्यावर, म्हणजे उष्णतेने ऊती निकामी करण्यावर, भर होता. कुठे डागायचं याचा पत्ता तुमच्यामुळे मिळाला. त्याबद्दल आम्हा तंत्रज्ञांकडून मनापासून आभार.

हा ठोका बऱ्याचदा इतका लवकर येतो की त्याची पी लाट आधीच्या टी लाटेत (खालचे कप्पे पूर्ववत होतानाची लाट) बुडते. म्हणून फिब्रिलेशनच्या लगेच आधीची टी लाट इतर टी लाटांशी ताडून पाहतो. ती टोकदार किंवा खाचेची दिसली की तिथेच खूण करतो.

शिरेच्या तोंडाशी गोल कॅथेटर (सिग्नल टिपणारी बारीक नळी) ठेवल्यावर खरी परीक्षा डाव्या वरच्या शिरेत असते. शेजारच्या अपेंडेजचा (डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या भागाचा) सिग्नल हुबेहूब शिरेचाच वाटतो. कोरोनरी सायनसच्या (हृदयाच्या मागच्या शिरेच्या) दूरच्या टोकाकडून पेसिंग केलं, म्हणजे विजेचे ठोके दिले, की दोन्ही सहसा सुटे होतात. तरी शंका उरली तर अपेंडेजमधूनच पेसिंग करायचं: त्याचा सिग्नल पेसिंगच्या रेघेला चिकटतो, मागे उरतो तो शिरेचा. हे केलं नाही तर न जाणाऱ्या सिग्नलमागे डागणं वाढत जातं, आणि शिरेच्या आत डागलं तर शीर आकसू शकते.

तुमचं २००८चं काम तर साधा ईसीजी काढणाऱ्यालाही उपयोगी. हृदयाची रचना ठीक असूनही ज्यांचं हृदय अचानक थांबलं, अशा २०६ जणांपैकी ३१ टक्क्यांत हृदयाचा खालचा किंवा बाजूचा भाग पाहणाऱ्या लीडमध्ये जे पॉइंट (खालचे कप्पे चेतल्याची उंच लाट संपते ती जागा) उचललेला होता, बऱ्याचदा खाचेसारखा. निरोगी गटात ५ टक्के. जेमतेम १ मिमीची ही खाच ४० हर्ट्झच्या वरचे बारकावे कापणाऱ्या फिल्टरने पुसट होते. म्हणून फिल्टर १५० हर्ट्झवर. पट्टी थरथरली तर आधी रुग्णाला पांघरूण द्यावं, हात सैल सोडायला सांगावं. फिल्टरला हात शेवटी.

नुसत्या खाचेवरून कुणाला घाबरवू नये, कारण ती पुष्कळ निरोगी माणसांत असते. पण रुग्ण कधी बेशुद्ध पडला असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ती पट्टी त्याच दिवशी डॉक्टरांसमोर जायला हवी.

आपले कृतज्ञ,
ईपी लॅबमधले तंत्रज्ञ