बाबांना, जुलैच्या आधी

हॅमिल्टन, न्यूझीलंड
ता. १२ मे

ती. बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तिकीट पक्कं झालं हे ऐकून जीव हरखला. आई म्हणाली, तुमचा पहिला प्रश्न "तिथे मासे गरवायला मिळेल का?" हाच होता. मिळेल, आणि ऐन मोसमात मिळेल! जुलै म्हणजे इथला हिवाळा. टाउपो सरोवरातले रेनबो ट्राउट त्या दिवसांत अंडी घालायला तोंगारिरो नदीत शिरतात, आपल्याकडे मृगात चढणीचे मासे निघतात ना, अगदी तसे. माझ्या घरापासून नदी गाडीने अडीच तासांवर.

पण रीत वेगळी आहे, म्हणून आधीच लिहितोय. या नदीच्या बऱ्याच भागात कोलंबी, गांडूळ काही चालत नाही. गळाला पिसं नि दोरे गुंडाळून केलेली माशीच लागते. तिला वजन जवळजवळ नसतंच. आपल्या गरीत शिसं पुढे जातं आणि नायलॉनचा तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे वजन दोरीतच असतं. जाड, गुळगुळीत दोरी असते, तिला लाइन म्हणतात. सात नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे १२ ग्रॅम भरतं. तेवढंच वजन हवेत झुलवायचं, माशी आपोआप जाते. काठीवरही नंबर असतो. सातच्या काठीला सातचीच लाइन लावायची.

तुमच्यासाठी नऊ फुटी, चार तुकड्यांची काठी ठेवली आहे. लाइनच्या टोकाला निमुळता तंगूस, त्याला लीडर म्हणतात. त्याच्या शेवटी सहा-सात पौंडी बारीक तंगूस आणि मग माशी. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर तंगूस घासून तापतो आणि नेमका मोठ्या माशालाच तुटतो. माझे दोन मासे असेच गेले, दोन्ही वेळा तंगुसाचं टोक कुरळं होऊन परत आलं.

आता फेक. काठीचं टोक पाण्याजवळ, लाइन ताणलेली. हळू उचलायला सुरुवात करायची, वेग वाढवत न्यायचा आणि काठी कानाजवळून जराशी मागे गेली, घड्याळात एक वाजल्यासारखी, की एकदम थांबवायची. मग वाट बघायची. सगळी विद्या या थांबण्यात आहे, बाबा. लाइन मागे वळसा घेते आणि सरळ होते. मान वळवून बघा, त्यात कमीपणा काही नाही. ती सरळ झाली की काठीला मागून हलकी ओढ लागते. ती ओढ लागली की पुढे आणा आणि दहाच्या काट्यावर पुन्हा थांबवा, खिळ्यावर हातोडी मारताना थांबतो तसं. घाई केली तर चाबकासारखा फटका वाजतो आणि माशी तुटून मागच्या झुडपात जाते.

पागाचं जाळं फेकताना तुम्ही कंबर, खांदा, मनगट सगळं लावता. इथे मनगट मोडायचं नाही. घरी सराव करायचा तर कळकाची बारीक काठी घ्या, टोकाला आठ-दहा हात जाड सुती दोरी बांधा आणि मनगट काठीच्या बुडख्याला पंचाने गुंडाळून टाका. मागच्या अंगणात रोज पंधरा मिनिटं पुरेत. ताकद तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे, ती आवरायची सवय करा.

नदीवर आपण जड निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्यासारखी दिसणारी माशी वापरू, ती तळाशी जाते. तेव्हा वळसा रुंद ठेवायचा, नाहीतर गळ मानेत रुततो. टोपी आणि चष्मा काढायचा नाही. लाइन पाण्यावर पडली की प्रवाह तिला मधेच फुगवतो आणि माशी ओढली जाते. अशा ओढलेल्या माशीला ट्राउट सहसा तोंड लावत नाही. म्हणून काठीच्या टोकाने लाइनचं पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवून ठेवायचं. लाइनवर लोकरीचा गोंडा असतो, तो जरा अडखळला की काठी उचला. दगडाला अडखळला असेल असं समजून थांबू नका.

तुमची जुनी गरी आणू नका. इथे विमानतळावर वापरलेलं मासेमारीचं सामान फॉर्मवर लिहावं लागतं, न लिहिलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आईने सुकट दिलीच तर तीही लिहायची. २००४ मध्ये दक्षिण बेटावरच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, तेव्हापासून फारच काटेकोर झालेत. नमद्याच्या तळाचे बूट ओल धरून ठेवतात, म्हणून त्यांना इथे बंदीच आहे. टाउपोचा परवानाही वेगळा लागतो, तो मी काढतो. आणि ट्राउट इथे विकता येत नाही, विकत मिळतही नाही. ज्याने पकडला त्यानेच खायचा किंवा कोणाला द्यायचा. हा नियम मला फार आवडतो.

पाणी बर्फासारखं असतं, त्यामुळे छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायचे जलरोधक कपडे, भाड्याने घेऊ. त्यावर कमरपट्टा घट्ट हवाच, पाय घसरला तर आत पाणी पटकन भरत नाही. तुमच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून, जाड मोजे घालून, आईकडून लगेच कळवा. तुमच्या मापाचे बूट आधी सांगून ठेवावे लागतात.

आईस नमस्कार.

तुमचा,
बाळू