इतिहासाला एक पान द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकालाच्या दिवसांत आपल्या पेपरची करिअर पुरवणी आली ती मी स्टाफरूममध्ये बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एआय, डेटा सायन्स, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट सगळं आलंय, चांगलं आलंय, पण इतिहासाच्या वाट्याला आली दीड ओळ, "शिक्षक किंवा स्पर्धा परीक्षा". गप्प बसवेना म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते आणि अ‍ॅडमिशनच्या टेबलावर दरवर्षी एकच प्रश्न ऐकते, मॅडम, इतिहास घेऊन पोरगी करणार काय? विचारणाऱ्या आईबापांचा मला अजिबात राग येत नाही, फी भरताना त्यांची किती ओढाताण होते ते मी बघते, त्यांना उत्तर मिळायला हवं आणि ते खरं मिळायला हवं.

पहिली गोष्ट, इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं नाही, जरी परीक्षेने तो तसा करून ठेवलाय. इतिहास म्हणजे पुरावा वाचणं. हा कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्याला हे कुठून कळलं, दुसऱ्या कुणी तेच सांगितलंय का. शिवजयंतीचंच घ्या ना. महाराजांचा जन्म 1627 चा असं बरीच वर्षं धरलं जायचं. भोरजवळच्या कारी गावच्या जेध्यांकडे एक शकावली होती, म्हणजे सालवार नोंदींचं टिपण, ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली, त्यांनी ती 1916 मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात जन्माची नोंद निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे इसवी सन 1630. म्हणून लगेच तारीख बदलली का? नाही. महाराजांच्याच काळातल्या कवी परमानंदाच्या शिवभारत या काव्यात तीच तिथी सापडली, राजस्थानातल्या कुंडल्या जुळल्या, अभ्यासकांनी वर्षानुवर्षं एकमेकांचे मुद्दे खोडून काढले आणि मग कुठे सरकारने 19 फेब्रुवारी 1630 मान्य केली. आज आपण सुट्टी घेतो, मिरवणूक काढतो, त्या तारखेमागे एका घराने जपून ठेवलेले कागद आणि ते तपासणारी माणसं आहेत. ज्या मुलाला हे तपासणं एकदा कळलं तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला इतिहास डोळे झाकून पुढे ढकलत नाही, आणि आजच्या काळात हे काही थोडंथोडकं नाही.

आता मोडीचं, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचं बोलते, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं. आरक्षणाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, त्या वादात मी इथे शिरत नाही, पण त्या वेळी काय दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं. तहसील कचेरीत, शाळांच्या कपाटात जुने दाखले, कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या, कागद समोर होता, पण मोडीत होता आणि वाचणारं माणूस नव्हतं. मग मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीत आपल्या राज्याचा कारभार कित्येक शतकं चालला ती वाचायला माणसं मिळू नयेत ही किती मोठी गोष्ट आहे! पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, मोडीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेत, इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी 1930 च्या दशकात त्यातून वेचून 45 खंड छापून काढले तरी तो त्या ढिगाचा छोटासा भाग. तंजावरला मराठ्यांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत ते वेगळेच. आणि आम्ही पोरांना सांगतो की इतिहासात आता करण्यासारखं काही उरलं नाही.

मोडी अवघड आहे असं म्हणतात, सुरुवातीला आहेही. लिहिणारा आधी सगळ्या पानावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिच्याखाली अक्षरं न तोडता सलग लिहीत जायचा, शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचं. तारीख तर आणखी वेगळी. कागदावर "इहिदे सितैन मया व अलफ" असं काहीतरी दिसतं आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले 1161. हा शुहूर सन, यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे 600, म्हणजे कागद जानेवारीतला असेल तर साल आलं 1761, पानिपतचं साल! हे फळ्यावर मांडल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला दुसऱ्या कुठल्याही धड्याला मिळालेली नाही. आणि हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणायचे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही, वर्ष पेरणीपासूनच सुरू होणार ना, असं तो पटकन म्हणतो.

मागे एका विद्यार्थिनीने घरच्या ट्रंकेतला मोडी कागद वर्गात आणला होता, सावकाराचं खत, म्हणजे कर्जाचा लेखी करार. आम्ही ते अक्षर अक्षर लावत वाचलं. जुन्या खताचं थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत केलं होतं, म्हणजे व्याजावर व्याज. तिचा प्रश्न असा की नवं खत कशाला, जुनं होतंच की? या एका प्रश्नामागे आम्ही किती दिवस गेलो. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने अशी खतं तीन वर्षांपुरतीच कोर्टात चालायची, कायदा केला होता शेतकऱ्याच्या बाजूने, पण सावकार मुदत संपत आली की नवं खत करून घ्यायला लागले. त्यात 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, उधारी हवी तेवढी मिळायला लागली. 1865 ला युद्ध थांबलं, भाव कोसळला, सरकारने शेतसारा मात्र वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. 12 मे 1875 ला सुप्यात, म्हणजे आता जे बारामती तालुक्यात येतं ते सुपं, लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती खतं आणि हिशेबाच्या वह्या, त्या ओढून बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यात हे लोण पसरलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, त्यात खतावर काय लिहिलंय तेवढंच न बघता व्यवहार मुळात काय झाला ते तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. अमेरिकेतलं युद्ध आणि त्या पोरीच्या घरचं खत एका धाग्यात आलं. कापसाचा भाव, कर्ज, थकबाकी, हे शब्द आजच्या पेपरात रोज असतात, ते कुठून चालत आलेत हे ज्याला माहीत आहे तो बातमी वेगळी वाचतो. ती मुलगी पुढे लॉ ला गेली, आज जमिनीच्या केसेस बघते आणि जुने फेरफार, इनाम वतनाचे मोडी कागद स्वतः वाचते. तिचे सीनिअर त्यासाठी तिच्याकडे येतात.

म्हणजे वाटा आहेत, फक्त त्या कुणी सांगत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येतं, शिरूर तालुक्यातलं इनामगाव तिथल्याच लोकांनी खणून काढलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी कसा राहायचा ते जगापुढे ठेवलं. नाण्यांचा अभ्यास करायचा तर नाशिकजवळ अंजनेरीला संस्था आहे, म्युझियममध्ये काम करायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि बडोद्याच्या विद्यापीठात कोर्स आहेत, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार कागद सांभाळण्याचं शिक्षण देतं. आणि हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं की मोठ्या संस्था आणि कंपन्याही स्वतःचं दफ्तर ठेवतात, रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे, टाटांचं पुण्यात आहे, गोदरेजचं मुंबईत आहे, तिथे कागद लावायला, वाचायला, त्यावर लिहायला शिकलेली माणसं लागतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, 11 आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आता तिथे नीट माहिती सांगणारे गाईड, दुरुस्तीआधी जुनं बांधकाम समजून घेणारे लोक, माहितीफलक लिहिणारे लोक लागणारच ना. सिनेमा सिरियलवाल्यांना पण रिसर्च करणारं कुणीतरी हवं असतं, निदान असायला हवं.

खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. सुरुवातीचा पगार यात कमी असतो. प्राध्यापकांच्या जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर कित्येक वर्षं राबणारी हुशार माणसं मी रोज बघते आणि जीव तुटतो. नुसत्या बीएवर काही होत नाही, त्याला मोडी, फारसी, पुरातत्त्व, कायदा, कॉम्प्युटरवर कागदांचं स्कॅनिंग आणि सूची करणं, असं काहीतरी हाताला जोडून घ्यावंच लागतं. हे पालकांना आधीच सांगितलं तर ते समजून घेतात असा माझा अनुभव आहे, पुढे पोरगं मध्येच अडकलं तर मात्र त्यांचा विश्वास उडतो.

म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत इतिहासाला एक पूर्ण पान द्या. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग कधी आणि कुठे असतात, डेक्कन कॉलेजची प्रवेशाची पद्धत काय, फी किती, हॉस्टेल मिळतं का, शिष्यवृत्ती कोणती, हे सगळं द्या, कारण पुण्यामुंबईच्या मुलांना ते कुणाकडून तरी कळतं, आमच्याकडच्या मुलांना कळायला तुमचा पेपरच आहे. उत्खननावर किंवा दफ्तरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या चारदोन जणांशी बोलून त्यांचा दिवस कसा जातो आणि महिन्याला हातात काय पडतं ते त्यांच्याच शब्दांत छापा. माहिती गोळा करायला मदत लागली तर मी आणि माझे विद्यार्थी करू. फक्त अकरावीचे फॉर्म सुरू व्हायच्या आधी छापा, एकदा विषय भरून झाले की ते बदलून घेताना मुलांची फार धावपळ होते.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका, जि. सातारा