रेकॉर्डिंगमधले आवाज

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी तुमच्यासाठी कादंबरी वाचून रेकॉर्डिंगचे भाग पाठवते, त्याबद्दल काल फोनवर तुम्ही विचारलंत, ‘‘अठराव्या भागात मधेच धप्प आवाज आला आणि तू अर्धा मिनिट गप्प झालीस. काय पडलं?’’ मी ‘काही नाही’ म्हणून वेळ मारून नेली. रात्री पाठ टेकली, पण ते ‘काही नाही’ टोचत राहिलं. म्हणून आज पत्र लिहायला घेतलं. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, म्हणजे भिंग लागणार नाही. तरी डोळे शिणले तर पुढचं आई, तू त्यांना वाचून दाखव.

तर तो आवाज तांबू बोक्याचा. पुस्तकांच्या कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर त्याने आपलं बस्तान मांडलंय. मी वाचायला बसले की तो वरून खाली बघत राहतो. त्या दिवशी त्याने खाली उडी घेतली आणि येताना तीन जाडजूड पुस्तकं सोबत आणली. त्याला काही झालं नाही. मांजर पडताना आधी डोकं आणि पुढचं अंग वळवतं, मग मागचं, आणि जमिनीला पोचेपर्यंत चारही पाय खाली आणतं. पुस्तकांना मात्र हे जमत नाही. बाबा, तुमच्या पेन्सिलच्या खुणा असलेली जुनी प्रत पाठीवर पडली आणि तिची शिवण सुटली. मी ती खळ लावून, वर वजन ठेवून दोन दिवस सुकवली. सगळी पानं जागेवर आहेत, मी मोजून बघितली. तुमची प्रत माझ्याकडे असताना तिला असं व्हावं, याचंच मला वाईट वाटलं, आणि म्हणून मी बोलले नाही.

बाकीचे आवाजही सांगून टाकते. चौथ्या आणि सातव्या भागात लांबून मोटार चालल्यासारखी घरघर येते, ती गुंडीची. फोन मी मांडीवर ठेवते आणि ती त्याच्याशेजारी अंगाचं मुटकुळं करून बसते. मांजरीची घरघर इतक्या खालच्या पट्टीतली असते, सेकंदाला पंचवीस-तीस कंपनं, की ती कानाआधी मांडीला कळते. फोन ती सगळी टिपून घेतो. बाराव्या भागातला चरचर आवाज तिच्या नखांचा, खुर्चीच्या पाठीवरचा. सुरुवातीचे भाग मी दिवेलागणीला वाचत होते, म्हणून हे सगळं झालं. पहाट आणि सांज ही मांजरांच्या अंगात येण्याची वेळ. दिवसभर झोपा काढून दोघं नेमकी तेव्हा घरभर धावायला लागतात. आता मी दुपारी वाचते. पंधराव्या भागापासून बरंच शांत आहे की नाही?

बाबा, गुंडी तिरंगी आहे म्हटल्यावर ‘म्हणजे मादीच असणार’ असं तुम्ही न बघता सांगितलं होतंत, आणि कारण मात्र मलाच विचारलं होतंत. मी वाचून काढलं. केसांचा तांबडा की काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीजवळ दोन एक्स, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही रंग शेजारी शेजारी उमटू शकतात. बोक्याजवळ एकच एक्स, म्हणून त्याला बहुधा एकच रंग मिळतो. पांढरा रंग दुसऱ्याच जनुकाचा. तिरंगी बोका क्वचित जन्मतो, तेव्हा त्याच्या गुणसूत्रांतच काहीतरी जास्तीचं आलेलं असतं.

आता स्वेटरबद्दल. आई, बाबांचा स्वेटर विणायला घेतलाय हे तुला माहीत आहे. पण पाठीचा भाग मी एकदा पूर्ण उसवला, हे सांगितलं नव्हतं. आठ नंबरच्या सुईवर मापाचा तुकडा विणला तेव्हा दहा सेंटिमीटरला बरोबर २२ टाके आले. पाठ पन्नास सेंटिमीटर हवी, म्हणून ११० टाके घातले. वीतभर विणून झाल्यावर टेप लावली तर पाठ पंचावन्न! मापाचा तुकडा विणताना मी सगळं लक्ष टाक्यांवर ठेवलं होतं. पाठ विणली ती कादंबरी वाचत वाचत. हात सैल पडला, दहा सेंटिमीटरला वीसच टाके बसायला लागले. तुझं वाक्य आठवलं, ‘माप घेताना जसा हात चालतो तसाच विणताना चालेल, असं कधी धरून चालू नये.’ हे तू मला माझ्या पहिल्या टोपीच्या वेळी सांगितलं होतंस.

पण उसवण्याआधी मी ती पाठ खिडकीजवळ धरली, आणि जे दिसलं ते तुला दाखवायला तू हवी होतीस. सगळी वीण सैल नव्हती. मधे दहा-बारा सुया, म्हणजे विणीच्या ओळी, एकदम घट्ट होत्या, टाके एकमेकांना बिलगलेले. मी आठवून बघितलं. कादंबरीत धाकटा भाऊ रात्री घर सोडून जातो, ते प्रकरण मी त्या सुयांवर वाचलं होतं. वर गेलं की पुन्हा सैल, तिथे त्याची पत्रं यायला लागतात. मग एका ठिकाणी सुलटच्या जागी तीन उलट टाके पडले होते. तिथे आई जाते. मी रडत होते, हाताकडे लक्ष नव्हतं.

आई, तुझी सगळी विणकामं अशीच असणार. तू विणायचीस आणि बाबा मोठ्याने वाचायचे. आम्ही पोरं जमिनीवर पालथी पडून ऐकायचो. तू एकही कादंबरी हातात धरून वाचली नाहीस, पण आमच्यापेक्षा जास्त कादंबऱ्या तुझ्या झाल्या आहेत. मला अजून दिसतं ते म्हणजे नव्या लडीचा गुंडा करायचा दिवस. त्या दिवशी वाचन बंद, कारण बाबांचे दोन्ही हात लडीत अडकलेले. दोन्ही पंजे समोर धरून ते बसायचे, डावा हात जरा खाली, उजवा जरा वर, लोकर सुटेल तसे हात आलटून पालटून झुकवत. तू गुंडाळत जायचीस आणि त्यांना म्हणायचीस, ‘मग पुढे काय झालं असेल, तुमच्या मनाने सांगा.’ बाबा पुढची गोष्ट रचून सांगायचे. दुसऱ्या दिवशी पुस्तकात वेगळंच निघायचं, आणि तू म्हणायचीस, कालचंच बरं होतं.

उसवलेली लोकर कुरळी झाली होती. तू शिकवलंस तसंच केलं. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल गाठी बांधल्या, कोमट पाण्यात न चोळता-पिळता बुडवून ठेवली आणि दांडीवर टांगली. सुकल्यावर सरळ झाली. आता त्याच ११० टाक्यांवर, पण नऊ नंबरच्या, म्हणजे जरा बारीक, सुईने, नव्याने विणतेय आणि पाठ पन्नासला पोचतेय. वाचनही चालू आहे. पुस्तक स्टँडवर उभं असतं, पानं चिमट्याने धरलेली. सरळ वीण बोटांना न बघता कळते. सुई संपली की पान उलटायचं, असा हिशोब बसलाय. गुंडी उघड्या पानावर येऊन बसते तेवढा खोळंबा. आधी मला वाटायचं तिला कागदाचा ऊबदारपणा हवा असेल. पण मिटलेल्या पुस्तकावर ती कधी बसत नाही. माझे डोळे जिथे असतात तिथेच तिला बसायचं असतं.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी तांबू माझ्या हातून जाणार होता.

उसवतानाची गोष्ट आहे. फोन वाजला म्हणून मी आत गेले. लोकर जमिनीवर तशीच. परत आले तर तांबू मान वर करून गिळत होता आणि त्याच्या तोंडातून बोटभर निळा धागा लोंबत होता. माझा हात त्या धाग्याकडे गेला होता. ओढला नाही, कारण मांजर पाळणाऱ्या एका मैत्रिणीने कधीतरी बजावलं होतं, दिसणारा धागा ओढायचा नाही. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटायला, मांस खरवडायला ते उपयोगी पडतात. पण धागा एकदा त्यांत अडकला की तिला थुंकता येत नाही, तो आतच जात राहतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलेलं असलं आणि दुसरं आतड्यात उतरलं, तर आतडं त्या धाग्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि धागा ते कापतो. आपण ओढला तर तेच काम आपल्या हाताने होतं.

मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून तशीच निघाले. डॉक्टरांनी आधी जीभ उचलून बघितली, मुळाशी काही अडकलेलं नव्हतं. नुकतंच गिळलंय आणि सोबत सुई नाही, याची खात्री करून त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी सगळा धागा बाहेर आला. मी त्यांच्या टेबलावर तो सरळ करून मोजला. माझ्या हाताएवढा, खांद्यापासून बोटांपर्यंत. दोन दिवस त्याच्या खाण्यावर आणि पोटावर लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फळीवर चढला, तेव्हा मी खाली उभी राहून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

चूक माझी होती. लोकर उघडी टाकून मी उठले. आता गुंडा झाकणाच्या डब्यात असतो, झाकणाला भोक पाडून त्यातून फक्त धागा बाहेर येतो. उठताना डबा कपाटात. शिवणाची सुई आणि कापलेले तुकडेसुद्धा.

त्या आठवड्यात तुम्हाला भाग पाठवले नाहीत आणि घसा बसलाय म्हणून कळवलं. घसा बसला नव्हता. तुम्ही दोघं काळजी कराल म्हणून लपवलं. आणि मग मागच्या भेटीत, आई, मी तुझ्या पिशवीत रुमाल शोधत होते आणि मला तुझं विणकाम सापडलं. चार सुया विणलेल्या, सुईला लोकर गुंडाळून ठेवलेली. थंडी सुरू व्हायच्या आधीची लोकर ती. तू मला फोनवर सांगत होतीस की मोजे चालू आहेत. बाबांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘सकाळी तिची बोटं मिटत नाहीत.’ तू माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून लपवलं. कारणही एकच.

म्हणून आज मी माझं सगळं सांगितलं. आता तुझंही सांग. बोटं सकाळीच आखडतात की दिवसभर? सूज असते का? डॉक्टरांना दाखवलंस का, की हेही ‘वयाचं असतं’ म्हणून सोडून दिलंस? पुढच्या आठवड्यात मी येते तेव्हा आपण दोघी जाऊ.

तू बाबांना म्हणालीस ना, आता माझी वीण सैल पडते, कुणाला घालायला द्यायच्या लायकीची राहिली नाही. तुझा गेल्या वर्षीचा मफलर माझ्या गळ्यात आहे, हे लिहितानाही. सैल आहे, खरं आहे. पण लोकर ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेने, आणि तुझ्या सैल टाक्यांत हवा मावते. माझ्याकडच्या सगळ्या मफलरांत मी हाच काढते.

पत्रासोबत पुडकं आहे, ते उघड. त्यात सहा नंबरची बांबूची गोल सुई आहे, मधे दोरी असलेली. लांब सुयांवर विणकामाचं सगळं वजन मनगटावर येतं. हिच्यात ते दोरीवर सरकून मांडीवर राहतं, हातात फक्त दोन टोकं. गोल विणायचं नाही, नेहमीसारखंच सुई संपली की उलटून परत यायचं. बांबू धातूपेक्षा हलका, आणि टाका त्याच्यावरून पटकन निसटत नाही, त्यामुळे सुई गच्च धरावी लागत नाही. लोकर जाड घेतलीय, म्हणजे वीण लवकर वाढेल. ३६ टाके मीच घालून दिलेत, साधारण वीस सेंटिमीटर रुंदीची पट्टी होईल. सगळ्या सुया सुलट, उलट टाका कुठेच नाही, काठही वळणार नाहीत. गरम पाण्यात हात शेकून झाल्यावर, दुपारी, दहा मिनिटं. दुखायला लागायच्या आत थांबायचं. दोन सुया झाल्या तर दोन.

आणि बाबा, त्या दहा मिनिटांना तुमचं काम आहे. माझं रेकॉर्डिंग तुम्ही लावायचं. तेविसावा भाग आज पाठवलाय, २३० पानं झाली, १८० उरली. भाग संपल्यावर आईला सांगायचं, पुढे काय होईल ते, तुमच्या मनाने. ते मलाही ऐकायचं आहे, फोनवर बोलून ठेवा. पुस्तकात काय आहे हे मला माहीत आहे, तरी.

अशा पट्ट्या जोडून गोधडीएवढी चादर करायची आहे. पण सगळी तू विणायची नाहीस. हात थकले की टाके बंद करू नकोस, आई. मोठ्या सेफ्टी पिनेवर उतरव आणि तसेच माझ्याकडे दे. तुझ्या शेवटच्या सुईवरून मी पुढे विणते, आणि अर्धी झाली की पिनेवर घालून तुझ्याकडे परत आणते.

तुमची,
धाकटी